जीवखडा
वडिलांना अग्नी देताना मडकं फोडायला काळ्या रानात एकही दगड सापडेना. मी तेल कंपनीच्या प्रयोगशाळेतून थेट आलो होतो; खिशातला शेल या थरांच्या खडकाचा तुकडा पुढं केला. तोच जीवखडा ठरला. गेलेल्याचा जीव दहाव्यापर्यंत त्यात राहतो, असं आमच्याकडं मानतात. दहाव्याला तो सिंदफणा नदीत सोडायला वाकलो, तर पाणी लागताच त्यातून बुडबुडे निघाले. थांबून थांबून, दमेकरी वडिलांच्या श्वासासारखे. आईनं माझं मनगट धरलं. "सोडू नको, लेकरा. दम चालू हाय त्यांचा." "आई, आप्पा न्हाईत त्यात. या खडकाला केसाहून बारीक भोकं असत्यात, तिथं गॅस साठून ऱ्हातो." भावकीनं माना डोलावल्या. आईनंही हात काढला. खडा मात्र माझ्या मुठीतून सुटेना. सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी त्या तुकड्याची एकूण एक भोकं मी मागच्याच महिन्यात राळ भरून बुजवली होती.