भरल्या पोटाची नळी

"ही शेवटची," देवराव म्हणाले आणि त्यांनी नळीला डोळा लावून तिच्यातून अंगणाचं फाटक पाहिलं. नळी अगदी सरळ होती. अडचण तीच होती. तिला वाकायचं होतं.

आधीच्या दोन्ही नळ्या वाकताना मध्येच चिमटल्या होत्या. आता त्या कुंपणाशी उभ्या होत्या आणि त्यांच्यावर दोडक्याचा वेल चढला होता. वेलाची काही तक्रार नव्हती.

तक्रार बायकोची, प्रेमलताबाईंची होती. साठीत त्यांना सायकल शिकायची होती. गुडघ्यामुळे पाय उंच उचलत नव्हता, म्हणून दांडी खाली झुकलेली हवी होती. दुकानात तशा सायकली मिळतात. पण कोराडीच्या वीजकेंद्रात नळ जोडण्यात जन्म घालवलेल्या देवरावांनी कॉलनीतल्या साऱ्या बायकांसमोर सांगून टाकलं होतं, "दुकानातली कायले? मी घरी बनवून देतो."

आज प्रेमलताबाईंनी भावालाच बोलावून घेतलं होतं. मनोहरराव खुर्चीत बसून मोटारसायकलची किल्ली बोटावर फिरवत होते.

"हे नळी चिमटली, तं मी दादासंग सदरच्या बाजारात चालली," प्रेमलताबाई म्हणाल्या. "दुकानातली सायकल घेऊनच येईन. दादा, तू बस. तुह्यासाठी फुटाणे भाजून राहिली." आणि त्या मागच्या चुलीकडे गेल्या.

देवरावांना कोणी समोर बसलेलं दिसलं की समजावून सांगितल्याशिवाय राहवत नसे. "पाहा, मनोहरराव. पोकळ नळी वाकवली, का तिचं पोट आत जाते. म्हणून आधी पोटात रेती भरायची, ठासून. भरल्या पोटाचा माणूस वाकला तं चिमटते का?"

"वाकतच नाही," मनोहररावांनी स्वतःच्या पोटाकडे पाहून सांगितलं. "अन् माहं तं अजून रिकामंच हाय. फुटाणे कुठी अडले?"

देवरावांनी वाळत घातलेल्या रेतीत हात घातला. रेती ओली होती. सकाळचा सडा तिच्यावरही पडला होता. ओली रेती भरून नळी तापवली की आत वाफ होते आणि बूच उडतं, हेही त्यांनी मनोहररावांना समजावून सांगितलं. मनोहररावांनी खुर्ची थोडी मागे घेतली.

रेती शोधत देवराव घरामागे गेले. तिथे चुलीवरून उतरवलेली कढई होती आणि कढईत रेती होती. बारीक, काळी, गरम. प्रेमलताबाई मागच्या दाराशी शेजारच्या सिंधूताईंना सांगत होत्या की सायकल आज होते तरी किंवा येते तरी. देवरावांनी दुपट्ट्याने कढईचे कान धरले आणि पाऊल न वाजवता परतले.

"नरसाळं धरा जी."

"रेती गरम काहून हाय?"

"गरम म्हणजे कोरडी. मले तेच पायजे."

रेती नळीत शिरली. मध्ये काही जाडे खडे आल्यासारखं वाटलं, पण देवरावांचा चष्मा कपाळावर होता. त्यांनी नळी ठोकून ठोकून भरली, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं मारली, एक टोक लाकडी साच्यात अडकवलं आणि गॅसची बत्ती पेटवून तिची ज्योत नळीवर धरली. हळूहळू नळी लाल झाली.

फट्.

मनोहररावांची किल्ली थांबली. "जवाईबापू, नळी बोलून राहिली."

"बोलू द्या. लोखंड तापलं का बोलतेच."

फट्. फट् फट्.

हे मात्र देवरावांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. मनोहरराव मोटारसायकलच्या मागे जाऊन बसले. "सोडा ते, जवाईबापू! पळा!"

देवरावांनी नळीकडे पाहिलं. आता सोडली तर ती थंड होणार, मग वाकवली की चिमटणार, आणि मग सदर. त्यांनी बत्ती बाजूला ठेवली, डोळे गच्च मिटले आणि मोकळं टोक साच्याभोवती ओढत नेलं. आत फटाफट चालूच होतं.

"चिमटली का?" मोटारसायकलमागून आवाज आला.

देवरावांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. नळीचा बाक गुळगुळीत होता, पोट कुठेही आत गेलं नव्हतं.

"अहो!" घरामागून हाक आली. "माही कढई कोणं रिकामी केली? चणे होते न् त्याच्यात!"

प्रेमलताबाई अंगणात आल्या तेव्हा देवरावांनी चिमट्याने नळी तिरपी धरली होती आणि बूच काढलं होतं. आधी रेती आली. मग फुटाणे आले. काही कोळसा झालेले, काही छान सोनेरी. मनोहररावांनी वाकून एक सोनेरी उचलला, फुंकला आणि तोंडात टाकला.

"खमंग हाय. मीठ पायजे होतं."

प्रेमलताबाईंचं फुटाण्यांकडे लक्ष नव्हतं. नळी निवेपर्यंत त्या तिच्याकडे पाहत उभ्या राहिल्या. मग त्यांनी ती दोघांना सायकलच्या उंचीवर धरायला लावली, लुगडं जरासं उचललं आणि बाकावरून पाय पलीकडे टाकला. पाय सहज गेला. पुन्हा अलीकडे आणला. पुन्हा पलीकडे टाकला.

"दादा, किल्ली खिशात ठेव," त्या म्हणाल्या.

देवरावांनी नळी हलवून पाहिली. आत खुळखुळ झालं. बाकाच्या पल्याड एखाददुसरा फुटाणा फुगून अडकला होता. त्यांनी नळी उलटी केली, आपटली, तरी तो येईना. ते तार आणायला निघाले.

"राहू द्या," प्रेमलताबाईंनी नळी हातात घेतली आणि कानाशी हलवून पाहिली. "फक्त घंटी तेवढी लावू नका आता."