चाळणीवर राहिलेली

"मोठी तेवढी उचल," काका म्हणाले. "नाहीतर उद्या टाकीत तीच दिसतील, बाकीची त्यांच्या पोटात."

तिने चाळणी पाण्यात धरून हलवली. मांगूर माशाची पिल्लं, काळी, मिशाळ. बारकी होती ती जाळीतून सुटून खाली गेली, मोठी वर वळवळत राहिली. सगळी एकाच मादीची, एकाच दिवशी अंड्यातून निघालेली. पण त्यांतलं एखादं भराभर वाढतं आणि भावंडाला शेपटीकडून गिळायला लागतं.

बाळंतपणानंतर ती मत्स्यबीज केंद्रात जरा लवकरच परतली होती. इथे पंपाची घरघर चालू असली की डोकं गप्प बसायचं.

"तुझा थोरला काय म्हणतो?" काकांनी विचारलं. "अजून धाकटीला चिमटे काढतो?"

"आज त्याची आत्या न्यायला येतेय."

"म्हणजे तुझ्या घरीही चाळणी लागली म्हणायची!" काका हसले. तीही हसली. हसायचं असतं म्हणून.

"रागावून काही होत नाही बघ," ते म्हणाले. "त्या जिवाला तरी कुठे कळतं आपण काय करतोय ते. उचलून लांब ठेवायचं, बस."

"पुन्हा एकत्र टाकता?"

"सगळी एका मापाची झाली की टाकतो ना."

अंडी काढून घेतलेली मादी पलीकडच्या टाकीत होती. मधूनच वर येऊन हवेचा घोट घ्यायची आणि परत तळाशी जाऊन पडायची. चाळणी हातात धरून ती त्या मादीकडे बघत राहिली. मग हात पुसले आणि घरी निघाली.

घरी सासूबाईंनी बाळाची बाही वर करून दाखवली. दंडावर निळसर डाग.

"आंघोळ घालताना दिसला. रात्रीतलाच असणार. हा तर माझ्या कुशीत झोपतो, कधी उठून तुमच्या खोलीत गेला कोण जाणे."

थोरला पाळण्याच्या दांड्याला चिकटून उभा होता. तिने बाळाला घ्यायला हात पुढे केले, तसा तो मध्ये घुसला आणि किंचाळत तिला ढकलू लागला.

"बघितलंस ना मत्सर?" सासूबाई न्यायला आलेल्या लेकीला म्हणाल्या. "आईत वाटेकरी नको मेल्याला!"

नणंद त्याच्यासमोर उकिडवी बसली. "काय रे लबाडा, तू काढलास चिमटा?"

त्याने आईकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हो," तो म्हणाला.

"चल मग आमच्याकडे. आमच्या मांजराला काढ चिमटा, ते कसं ओरबाडतं बघ!"

तो हसला नाही. पाळण्याचा दांडा त्याने दोन्ही हातांनी धरला. सासूबाईंनी एकेक बोट सोडवलं. तो रडत नव्हता, नुसता धापा टाकत होता.

"अगं, त्याची पिशवी भरलीस का?" नणंदेने विचारलं.

"पिशवी गाडीत ठेवलीय, ताई."

ती चपला घालून पुढे गेली. नणंद पोराला कडेवर घेऊन मागून आली, तर ही गाडीत पुढच्या सीटवर बसलेली, मांडीवर पिशवी.

"पोहोचवायला येतेस होय? ये की. पण बाळ उठलं तर?"

"आई आहेत. वरचं दूध घेते ती आता." तिने काच खाली केली. "त्याला खाली सोडा, ताई. बाळाजवळ जाऊ दे."

पाय जमिनीला टेकताच तो आत धावला.

"अगं, पण परत चिमटा काढला म्हणजे?"

"त्याने एकदाही काढलेला नाही," ती समोर बघत म्हणाली. "चला, मला न्या."