नाळेची चुगली

"नाळेतलं थोडं रक्त तपासायला घेतलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोटात बाळाला वाढवणारी हार्मोन्स किती होती, ते कळेल."

नुकतीच बाळंत झालेली केतकी खाटेवर दचकली. सासूबाईंनी तिच्यासाठी खपून नाचणीचे लाडू वळले होते. पण तुपाच्या नुसत्या वासानं तिला मळमळायचं. सगळे लाडू नवऱ्यानं गुपचूप फस्त केले होते. आता ही नाळ चुगली करणार!

सासूबाई गुबगुबीत नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"डॉक्टर, त्या रक्तात... लाडू दिसतात का हो?" केतकीनं चाचरत विचारलं.

डॉक्टरीणबाई हसल्या. "लाडू नाही दिसत. बाळाची वाढ कशी झाली ते दिसतं."

"लाडू इकडे दिसतायत की!" सासूबाईंनी लेकाच्या सुटलेल्या पोटाकडे हनुवटीनं खूण केली. तो बिचारा खिडकीबाहेर बघायला लागला.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"पहिला डबा संपला तेव्हाच. म्हणून तर तुझ्या लाडक्या थालीपिठात नाचणी मळायला लागले." त्यांनी नातीच्या गालाला हळूच बोट लावलं. "आणि तुझी ही आई रोज म्हणायची, 'आई, अजून एक!'"