उंबऱ्यावरची कॉफी

सातपूरच्या कारखान्यातली पक्की नोकरी सोडून ललितने कॉलेज रोडला कॉफी शॉप थाटलं, तेव्हा त्याने बायकोला, ज्योत्स्नाला, विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. खुर्च्या वेताच्या होत्या, कॉफी झकास कडू होती, फक्त गिऱ्हाईक नव्हतं. पोरं बाहेर पुंजाभाऊंच्या टपरीवरच उभी राहायची.

पुंजाभाऊ रोज पहिला चहा रस्त्यावर ओतायचे.

"ललितशेठ, तुम्हीपण ओतत जा. रस्त्यावर जे दिसत नाहीत, त्यांचा मान असतो तो."

"रस्ता बिल देतो का, पुंजाभाऊ?"

त्या दुपारी गाळामालकाचा निरोप आला, महिनाअखेर गाळा खाली करा. ज्योत्स्नाने एक कप कॉफी केली आणि उंबऱ्याबाहेर ओतली.

फरशीवर डाग पडला नाही. ओलसुद्धा आली नाही.

तिने दुसरा कप ओतला. तोही कुठे गेला कळलं नाही.

"काय चाललंय?" म्हणत ललित आला, बघत राहिला आणि चिडून त्याने अख्खं भांडंच पालथं केलं. "घे, ढोस!"

फरशी कोरडीच राहिली.

मागे, रिकाम्या दुकानात, एक खुर्ची सरकली. मग दुसरी. मग सगळ्याच, माणसं बसताना सरकतात तशा.

ज्योत्स्नाने मागे न बघता पदराला हात पुसले.

"जा की, ऑर्डर घे," ती म्हणाली. "गिऱ्हाईक हवं होतं ना?"