शालूचं विमान

"माझ्या शालूचा पदर तेवढा उरलाय. आज आपटलं, तर तोही गेला समज," गोदाक्कांनी सुनेला, मृणालला, बजावलं. तिच्या रिमोटवरच्या विमानाच्या पंखांवर त्यांच्याच शालूचं रेशीम ताणलेलं होतं. उतरताना पंखांमागच्या पट्ट्या, म्हणजे फ्लॅप, खाली सोडले, की विमान नाक वर करायचं, आपटायचं आणि फाटलेल्या पंखाला शालूचा नवा तुकडा लागायचा.

"आता मिक्सिंग केलंय, आई. फ्लॅप सोडले, की शेपटीची पट्टी आपोआप जराशी खाली वळते. नाक वर जातच नाही."

"मग तुझ्याही नाकाला बसवून घे," म्हणत आक्का शालूचा उरलेला पदर मुठीत धरून वर बघत राहिल्या.

विमान अलगद गवतावर टेकलं. आक्कांनी नाक वर केलं. "उतरणारच! रेशीम कुणाचंय?"

मृणालनं रिमोट त्यांच्याकडे रोखून फ्लॅपचं बटण दाबलं.

"माझं नाक नाही हो खाली यायचं," म्हणता म्हणता आक्कांना हसू फुटलं.