एक मरण दोनदा नाही

"क्विरिनला कोणतं मरण देणार?" कप्तानसाहेबांनी विचारलं.

कास्परने वही उघडली. तो सातव्या कंपनीचा कारकून. युद्धाआधी बव्हेरियात आपल्याच गावच्या शाळेत शिकवायचा, म्हणून इथेही सगळे त्याला मास्तरच म्हणत. रोजचा अहवाल लिहायचा आणि मेलेल्यांच्या घरी पत्रं लिहायची, ही त्याची दोन कामं.

"बघतो साहेब. आमच्या ओबरमोस गावच्या वाट्याची चांगली मरणं संपत आलीत."

"छातीत गोळी?"

"ते न्हाव्याच्या मुलाला दिलं."

"झोपेत?"

"ते दोघा भावांतल्या धाकट्याला."

कप्तानसाहेब हसले नाहीत. ही राखीव डिव्हिजन उभी राहिली तेव्हा आसपासच्या गावांतले पुरुष एकेका कंपनीत भरले होते. त्यामुळे मरणंही गावागणिक यायची. रविवारी प्रार्थना झाली की ओबरमोसच्या बायका चर्चच्या पायऱ्यांवर बसून एकमेकींना पत्रं वाचून दाखवत. सुरुवातीला कास्परने दोघींना एकच मजकूर लिहिला होता आणि मग त्याची त्यालाच लाज वाटली. तेव्हापासून कुणाला कसं मरण दिलं ते तो वहीत टिपून ठेवायचा. एक मरण एका गावात दोनदा द्यायचं नाही.

क्विरिनचं खरं मरण लिहिण्यासारखं नव्हतं. बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या चिखलात, तोफगोळ्याने पडलेल्या खड्ड्यात तो कमरेपर्यंत रुतला आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत हाका मारत राहिला. दोघे काढायला गेले, ते परत आले नाहीत. संध्याकाळी हाका थांबल्या. त्या दिवसाच्या अहवालात कास्परने लिहिलं : ठाणं राखलं. डिव्हिजनच्या इतिहासात त्या दिवसाचं एवढंच राहणार होतं.

"लिहून टाक आणि नीघ," कप्तानसाहेब म्हणाले. "दहाला रसदीची गाडी सुटते. किती महिने झाले घरी जाऊन?"

"चौदा."

"आई वाट बघत असेल."

"दर आठवड्याला पत्र येतं साहेब. म्हातारी खंबीर आहे."

रजेचा कागद त्याने खिशातून काढून पुन्हा पाहिला. कालपासून सातव्यांदा. आईला आणखी एकदा पाहायचं, एवढ्या एका गोष्टीवर हा माणूस जिवंत होता. आईला, म्हणजे वाल्बुर्गाला, लिहिता येत नसे. पाद्रीबाबांच्या घरी काम करणाऱ्या क्रेसेन्सला ती मजकूर सांगायची. पूर्वी तिचं पत्र म्हणजे गुडघे आणि गाय, गाय आणि गुडघे. यंदा मात्र म्हातारीला वाचा फुटली होती. कधी पाळलेला हंस पोस्टमनला चावला, कधी पाद्रीबाबा प्रवचन देता देता झोपले. कास्पर ती पत्रं सगळ्यांना वाचून दाखवायचा आणि खंदक हसायचा. क्विरिन तेवढा बूट पुसत बसे.

"हस की लेका," कास्पर म्हणायचा.

"तुझी आई आहे, तू हस."

मार्चमध्ये क्विरिन रजेवर जाऊन आला तेव्हा कास्परच्या आईने दिलेली आलुबुखाराच्या मुरंब्याची बरणी घेऊन आला होता. "ठणठणीत आहे म्हातारी. तुला शिव्या घालत होती," म्हणाला. मुरंब्याला मात्र त्याने बोट लावलं नाही. पुढे रजेची यादी लागली की हाच कास्परच्या कानाशी लागे, "आत्ता कशाला जातोस? गाड्यांत उवा आहेत. कापणीला जा." स्वतःचा नंबर पुढे सरकावा म्हणून बोलतो, असं वाटून कास्पर दोन दिवस त्याच्याशी बोलला नव्हता.

"माझ्या वेळी काय लिहिशील रे मास्तर?" क्विरिनने एकदा विचारलं होतं.

"तू कसला मरतोस? आगाऊ माणसं मरत नाहीत."

"लिही, मुलगा शेवटपर्यंत बडबडत होता. आईला पटेल."

क्विरिनची आई अफ्रामावशी. तिच्या परड्यातली सफरचंदं चोरून कास्पर लहानाचा मोठा झाला होता. हे पत्र पोस्टाने नाही पाठवायचं, आपणच नेऊन द्यायचं, असं त्याने ठरवलं. पण समोर बसून खोटं बोलायचं, तेही गावातलं प्रत्येक पत्र कान देऊन ऐकणाऱ्या बाईशी. मरण नवं हवं होतं आणि सुचत नव्हतं.

सकाळचे नऊ वाजले. त्याने क्विरिनचं सामान पुढे ओढलं. वस्तरा, पाइप, सुतळीने बांधलेली पत्रं. घरची पत्रं घरी परत करायची आणि बाकीची जाळायची, असा नियम होता. या गठ्ठ्यात सगळी अफ्रामावशीचीच होती, तिच्या शाळकरी अक्षरात, पेन्सिलीने लिहिलेली. घरची एखादी खूण सापडेल, त्याच्या लाडक्या कुत्र्याचं नाव, एखादं झाड, आणि त्यावर मरण बेतता येईल, म्हणून त्याने मधलंच एक उघडलं. तारीख एप्रिलची होती. त्याने कचेरीच्या खिडकीशी धरून वाचायला घेतलं.

"क्विरिन बाळा, पायमोजे कोरडे ठेव. कास्परला अजून काही बोलला नाहीस ना? बोलू नकोस. वाल्बुर्गाला फेब्रुवारीत पुरलं ते त्याला कळलं तर तो कोसळेल, आणि मग आम्हाला पत्रं कोण लिहील? तिच्या नावाचं पत्र आता रविवारी पायऱ्यांवर आम्ही सगळ्या मिळून रचतो. या खेपेला हंसाचं मी सुचवलं. तेच ते पुन्हा जायला नको म्हणून, तू कास्परच्या वहीचं सांगितलंस ना, तशीच वही क्रेसेन्सनेही केली आहे."