घडीचं घर

शेकडो व्हिडिओ पाहून मुलाने आपल्या दीड खोलीच्या घराचा पार कायापालट केला आणि आईला फोन लावला, "तिकडची खोली सोड आता, कायमची आमच्याकडे ये. इंचभरसुद्धा जागा वाया घालवली नाहीये मी!"

ते मात्र खरं होतं. सकाळी आईने डोळे उघडले की मुलगा उशाशी हजर. "आई, उठतेस जरा? पलंग भिंतीत गेल्याशिवाय टेबल निघत नाही." टेबलाशी चहा घेऊन बसावं, तर सूनबाई लाडीगोडीने म्हणायची, "आई, माझी मीटिंग आहे हो, टेबल मिटते हं." कोपऱ्यातल्या बाकावर टेकावं, तर नेमका बाकाच्या पोटात मिक्सर. तीन दिवसांत उठल्यापासून झोपेपर्यंत आईची पाठ कशाला म्हणून टेकली नाही, आणि वर आल्या-गेल्याला "बघा, आईचीसुद्धा सोय केलीय" हे ऐकवणं चालूच.

चौथ्या दिवशी तिने संडासात जाऊन आतून कडी घातली, कमोडचं झाकण पाडलं आणि ती पाय सैल सोडून त्यावर निवांत बसली. घरातली ही एक बैठक तरी दुसऱ्या कशात बदलत नव्हती. इथून आपल्याला कुणी उठवणार नाही म्हटल्यावर तिचा डोळासुद्धा लागला.

 

तेवढ्यात दारावर मुलाची टकटक झाली. "आई, आटप ना गं लवकर. हे दार काढलं की त्याचं इस्त्रीचं टेबल होतं."